उपाशी सांधा

टोल्याला आपण ओळखत होतो, असं कोठीवाल्याला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. अडतीस वर्षं दोघं एकाच गोदीत होते. एकाच मिस्त्रींच्या दोन मुली दोघांनी केल्या होत्या, म्हणजे नात्याने साडू. टोल्याला चहा थंड करून लागतो, उजवा बूट त्याला कायम चावतो, हसताना तो डोळे मिटून घेतो, हे सगळं कोठीवाल्याला पाठ होतं. पण रिकामा बसला की तो कसला विचार करतो, त्याला कशाची भीती वाटते, घरात त्याचं कोणाशी वाजतं, असं कोणी विचारलं असतं तर कोठीवाल्याला खाली मान घालावी लागली असती. इतकी वर्षं त्याने टोल्याकडे पाहिलं ते बहुतेक मापं घेण्यासाठीच. त्याला काय मिळालं, आपल्याला काय मिळालं, बस.

गोदीत कोठीवाला आधी आला. तेव्हा त्याचं वय वीस. लाकडी गलबताच्या दोन फळ्यांमध्ये जी बारीक फट राहते, तिच्यात कापसाच्या वाती छिन्नीने आणि मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकून बसवायच्या आणि वरून गरम राळ ओतायची, या कामाला गोदीत कलाफत म्हणत. मिस्त्रींनी त्याला दीड महिना तेच शिकवलं. मग एका सकाळी त्याने भरलेल्या सांध्यापाशी ते उकिडवे बसले आणि नखाने वातीचं टोक धरून त्यांनी ती अलगद ओढली. जुन्या उशीतून दोरा निघावा तशी हातभर वात बाहेर आली.

"हा सांधा उपाशी आहे," मिस्त्री म्हणाले.

"भरलाय, मिस्त्री. सगळा भरलाय."

"भरलायस, पण पोटभर नाही. तुझा हात घाबरट आहे रे." त्यांनी वात त्याच्या हातात ठेवली. "अक्षर मात्र छान आहे तुझं. उद्यापासून कोठीत बस."

कोठी म्हणजे गोदीच्या कोपऱ्यातली सामानाची खोली. तिला एक खिडकी, खिडकीला एक फळी, आणि त्या फळीपलीकडे सगळं जग. खिळे, राळ, काथ्या, कापसाच्या लडी, जे हवं ते माणसांनी खिडकीशी येऊन मागायचं आणि कोठीवाल्याने पावती लिहून द्यायचं. त्याचं खरं नाव त्या आठवड्यातच लोक विसरले. पुढे मिस्त्रींनी आपली थोरली मुलगी त्याला दिली. बायको मनमिळाऊ होती, संसार नीट चालला. पण 'अक्षर छान आहे' हे वाक्य त्याला आयुष्यभर घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

लग्नानंतर चार वर्षांनी टोल्या आला. कुठून आला, त्याचे आईबाप कोण, कोणालाच धड माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने मोगरी उचलली आणि तीन टोल्यांत वात अशी बसवली, की मिस्त्रींनी नखाने तीनदा खरवडून पाहिलं आणि नख तुटलं. तिथेच त्याचं नाव टोल्या पडलं. वर्षभरात धाकटी मुलगी त्याच्या घरात गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःची मोगरी, मुठीपाशी चाळीस वर्षांच्या घामाने काळी पडलेली, सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिली.

कोठीवाल्याला लग्नात एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं. ते चांगलं चालायचंही. तरी त्या दिवशी घरी आल्यावर त्याने त्याला किल्ली दिली नाही.

घरातही तेच. दाराची कडी बसत नाही, बोलवा भावोजींना. माळ्यावरची पेटी उघडत नाही, भावोजी उघडतील. कोठीवाल्याने दोन तास घाम गाळून एखादी फळी ठोकली, तर बायको म्हणायची, "छान झालं हो. भावोजी आले की जरा बघून घेतील." टोल्या यायचा, फळीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "झकास बसलीय साडूभाऊ," आणि जाताजाता, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, एक खिळा नीट करायचा. कोठीवाल्याचं लक्ष असायचं.

कोठीवाल्याचं एक गुपित होतं. मिस्त्री बोलायचे ते नेहमीच्या बोलण्यासारखं नसायचं. गलबताच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात आणि त्यावर बसवलेल्या फासळ्यांना वांक म्हणतात, एवढं तर गोदीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण ठोकल्यावर जिचा आवाजच येत नाही, म्हणजे जी आतून कुजली आहे, ती फळी मिस्त्रींच्या तोंडी 'मुकी'. जुन्या फळ्यांमध्ये नवी बसवली की ती पहिले काही महिने कुरकुर करते, तिला ते 'सासुरवाशीण' म्हणायचे. कुठून येतं ते सापडत नाही ते 'चोरपाणी'. लाकडी खुंटीतून थेंब सुटत राहिला की ती 'रडकी'. आणि जी पाचर सहज आत जाते पण नंतर काही केल्या बाहेर निघत नाही, तिला ते दोन्ही जावयांसमोर 'जावई' म्हणायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. हे शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हते. काही त्यांच्या गुरूचे होते, काही गुरूच्या गुरूचे. कोठीवाला एकेक शब्द ऐकला की वापरलेल्या पावतीच्या मागे तो लिहायचा, तारीख टाकायचा, आणि पावती बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. कशासाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एवढंच, की मोगरी टोल्याकडे गेली तर जाऊ दे, हे आपल्याकडे आहे.

मिस्त्री गेले. मग लाकडी गलबतंही एकेक करून गेली. गोदीत फायबरच्या होड्या यायला लागल्या. त्यांना सांधे नसतात, त्यामुळे कलाफतही नाही. माणसं पांगली. जुन्यांपैकी दोघंच उरले, कोठीत कोठीवाला आणि किरकोळ दुरुस्तीला टोल्या. मोगरीच्या आवाजाने टोल्याचे कान तोवर पार गेले होते. सांधा नीट बसला की नाही हे ऐकायला तो एक लाकडी काडी दातांत धरायचा, तिचं दुसरं टोक फळीला लावायचा आणि डोळे मिटायचा. कोठीवाल्याच्या मनात यायचं, एखाद्याला बहिरेपणसुद्धा असं शोभून दिसावं म्हणजे काय!

आणि मग ते जुनं गलबत आलं. सात वर्षं एका शेडमध्ये कोरडं पडलेलं, सांधे इतके उघडे की आतून बाहेरचा उजेड दिसे. संग्रहालयाला ते पुन्हा पाण्यात तरंगतं ठेवायचं होतं. त्याच्याबरोबर संग्रहालयातल्या एक बाई आल्या. वही, आवाज टिपायचं यंत्र, गळ्यात कॅमेरा. त्यांना लाकडी जहाजांच्या कामातले विसरले गेलेले शब्द गोळा करायचे होते.

साऱ्या गोदीने त्यांना टोल्याकडे पाठवलं.

कोठीवाल्याकडे त्या एकदाच आल्या. खिडकीशी वाकून म्हणाल्या, "काका, एखादी खुर्ची मिळेल का? मला त्यांच्यासमोर बसून बोलायचंय."

डबा मागच्या फळीवरच होता, हात लांबवला असता तर लागला असता. कोठीवाल्याने हात लांबवला आणि डगमगत्या पायाची खुर्ची दिली.

पंधरा दिवस तो खिडकीतून बघत होता. बाई यंत्र पुढे धरतात, टोल्या डोळे मिटून हसतो, हातवारे करतो, काडी दातांत धरून दाखवतो, बाई फोटो काढतात. एकदा त्या उठून जाताना म्हणाल्या, "आजोबांकडे खजिना आहे हो!" कोठीवाल्याने लांबून वहीत नजर टाकली. एकोणीस शब्द. त्याच्या डब्यात दोनशे बारा होते. त्या दिवशी दुपारचं जेवण त्याला गोड लागलं.

याच दिवसांत त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या गलबताला कापसाच्या साठ लडी लागायला हव्यात, हे तो डोळे झाकून सांगू शकत होता. टोल्याने चाळीसच नेल्या.

"आणखी नको?" त्याने खुणेने विचारलं.

"पुरे," टोल्या म्हणाला. बहिरा असल्यामुळे तो मोठ्याने बोलायचा. "सात वर्षांची तहान आहे त्याला!"

कोठीवाल्याला कळलं. डब्यात तशा चार पावत्या होत्या. फार दिवस कोरडं राहिलेलं लाकूड पाण्यात गेलं की फुगतं. सांधे आधीच ठासून भरले तर फुगलेल्या फळ्यांना जागा राहत नाही, त्या एकमेकींना ढकलतात, खिळे उपटतात, गलबत उकलतं. म्हणून तसं गलबत मुद्दाम थोडं उपाशी ठेवून पाण्यात सोडायचं आणि 'पाच भरत्या पिऊ द्यायचं'. पहिल्या भरतीला आत वीतभर पाणी येतं, मग कमी, आणखी कमी, पाचव्याला थांबतं. मिस्त्रींनी असं आयुष्यात चारदाच केलं होतं. टोल्याने ते हाताने शिकून घेतलं होतं.

म्हणजे त्याने उपाशी ठेवलं तर ती कला, आणि आपण ठेवलं तेव्हा आपल्याला कोठीत बसवलं. कोठीवाल्याच्या डोक्यातून हे काही जाईना.

आता गोदीतला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्याने सांधा भरला त्याने स्वतःच्या सांध्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. गलबत पाण्यात उतरल्यापासून पाच भरत्या त्याने तोंड बंद ठेवायचं, कोणी काहीही विचारो. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी बोलायचं. 'पितंय' असं म्हणायचं. म्हणजे, पाणी येतंय पण काळजी नाही, थांबा. मिस्त्रींचं म्हणणं असं, की स्वतःच्या सांध्याची तारीफ करणारा माणूस त्याला कान लावायचं सोडतो. पूर्वी हा 'पितंय' मिस्त्री म्हणायचे. ते गेल्यावर गोदीत हा शब्द माहीत असलेला, टोल्याखेरीज, एकच माणूस उरला होता.

सकाळच्या भरतीला गलबत उतरवलं. टाळ्या झाल्या. तासाभराने आत वीतभर पाणी होतं.

काठावर धावपळ उडाली. संग्रहालयाचे इंजिनिअर तरुण होते, हुशार होते, आणि घाबरले होते. त्यांनी टोल्याला विचारलं, "हे काय आहे? किती वेळ तरंगेल हे?" टोल्या गप्प. बाईंनी त्याच्या कानाशी जाऊन विचारलं. टोल्याने मान हलवली आणि ओठ मिटून घेतले. मग त्याने काठावरच्या गर्दीत कोठीवाल्याला शोधलं आणि त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. दुकानदाराकडे गिऱ्हाईक पाहतं तसं, आता हा वस्तू काढून देईल अशा खात्रीने.

कोठीवाल्याने बुटाच्या नाडीकडे पाहिलं.

इंजिनिअर थेट कोठीत गेले. पावत्या चाळल्या. "या आकाराला कापूस किती लागतो?"

"साठ लडी," कोठीवाला म्हणाला.

"आणि नेल्या चाळीस? फक्त चाळीस?"

"हो."

त्यापुढे अजून एक वाक्य होतं. ते त्याच्या जिभेवर आलं, पुरतं आलं, आणि त्याने ते गिळलं. 'हो' खरंच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"म्हातारा दमला असेल," इंजिनिअर बाईंना म्हणाले, तसे ते वाईट नव्हते. "चुकारपणा केलाय किंवा विसरलाय. उद्या सकाळी क्रेन बोलावतो. बाहेर काढून आतून फायबरचा थर देऊ. एकदाचं काम होईल."

फायबरचा थर दिला की लाकूड आत कोंडतं, कुजतं, आणि वरून ते गलबतासारखं दिसत राहतं, एवढंच. हेही कोठीवाल्याला माहीत होतं. बाईंनी वही मिटली. दातांत काडी धरणाऱ्या आजोबांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कोठीवाल्याने पंधरा दिवस मनोमन मागितली होती. आता मिळाली, तर त्याला तिकडे बघवेना.

संध्याकाळी घरी आला तर बायको दारातच.

"पाणी आलं म्हणे आत?"

"आलं."

"मग? म्हणालात ना तुम्ही?" ती मिस्त्रींची मुलगी होती. पाच भरत्या तिने लहानपणी जेवणाच्या ताटावर ऐकल्या होत्या.

"कुणी विचारलं की सांगायचं, ते सांगितलं."

"पितंय म्हणालात ना?"

"हो गं, हो."

दिवसभरातला हा दुसरा 'हो'. पहिल्यात निदान खोटं काही नव्हतं.

तो हातपाय धुऊन येतो तो धाकटी मेव्हणी आलेली. हातात झाकलेलं भांडं. कधी नाही ते डोळे भरलेले.

"भावोजी, ताईने सांगितलं, तुम्ही बोललात म्हणून. मी सकाळपासून नुसती जीव मुठीत धरून. ते मात्र आले आणि जेवले आणि झोपले की हो! मी म्हटलं, अहो, लोक काय काय बोलतायत. तर म्हणाले, साडूभाऊ आहेत ना तिथे, मला कशाची काळजी?"

कोठीवाल्याने तिच्या हातातलं भांडं घेतलं. काय करावं न सुचून ते झाकणासकट स्टोव्हवर ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"तुम्हाला काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. डोकं."

"डोकं दुखतंय तर बसा की. भांडं काय नाचवताय?"

सकाळी तो नेहमीपेक्षा तासभर आधी निघाला. बायकोला वाटलं, दुसरी भरती रात्री झाली असेल, ती मोजायला चाललेत. तिने काही विचारलं नाही, पाण्याची बाटली तेवढी दिली.

क्रेन आली होती. पट्टे गलबताखाली सरकवणं चाललं होतं. टोल्या एका ओंडक्यावर बसला होता, मोगरी मांडीवर. कोठीवाला त्याच्यापुढून गेला, त्याच्याकडे न पाहता, काठापर्यंत गेला आणि म्हणाला, "पितंय."

कोणाला ऐकू गेलं नाही. आयुष्यभर खिडकीआडून बोललेला माणूस, त्याचा आवाज क्रेनपुढे काय टिकणार?

"पितंय!" तो ओरडला. आवाज फाटला. क्रेनवाल्याने वळून पाहिलं. इंजिनिअरही वळले.

"काय पितंय?"

"गलबत. पाणी पितंय. पाच भरत्या पिऊ द्यायचं. दोनच झाल्यात. उचलू नका."

"काका, काल तुम्हीच तर सांगितलंत, कापूस कमी नेला म्हणून."

"सांगितलं," कोठीवाला म्हणाला. "कमी का नेला, ते नाही सांगितलं. मुद्दाम नाही सांगितलं. तो चुकलेला नाही. थांबा, इथेच थांबा."

तो कोठीत धावला. या वयात धावणं म्हणजे चालण्यापेक्षा आवाज जास्त. डबा काढला. झाकण गंजून बसलेलं, निघेना. शेवटी गुडघ्यांत दाबून त्याने ते उपटलं तेव्हा अर्ध्या पावत्या जमिनीवर. गोळा करून तो त्या पदरात धान्य आणावं तशा सदऱ्यात घेऊन आला.

"हे बघा. हे मिस्त्रींच्या वेळचं गलबत, नऊ वर्षं कोरडं होतं. पहिली भरती, एक वीत. दुसरी, नऊ बोटं. तिसरी, सात. चौथी, चार. पाचवी, एक. ही तारीख. आणि हे दुसरं, सहा वर्षांचं. एक वीत, दहा बोटं, सात, तीन, काही नाही. अशी चार आहेत. चारही."

इंजिनिअर पावत्या वाचू लागले. त्यांना शब्दांशी काही घेणं नव्हतं, पण आकडे त्यांनी दोनदा वाचले. "काल रात्रीच्या भरतीला किती होतं?" त्यांनी रात्रभर पाणी उपसत बसलेल्या पंपवाल्याला विचारलं.

"नऊ-दहा बोटं असेल, साहेब."

इंजिनिअरांनी आधी पावतीकडे पाहिलं, मग क्रेनकडे. "उद्या दुपारपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे मी थांबू शकत नाही."

बाई मात्र तोवर गुडघे टेकून खाली बसल्या होत्या आणि त्याच्या सदऱ्यातून उडालेल्या पावत्या गोळा करत होत्या. एकीची मागची बाजू वाचून त्या थबकल्या. दुसरी उलटली. तिसरी.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पंधरा दिवस नुसती खुर्चीच दिलीत!"

"तिचा पाय जरा सैल आहे," कोठीवाला म्हणाला.

मग ते दोघं साडू काठावर बसून राहिले. तिसरी भरती, सात बोटं. टोल्या नियमाप्रमाणे गलबताविषयी काही बोलत नव्हता, आणि दुसरं बोलण्यासारखं दोघांत कधी फारसं नव्हतंच. कोठीवाला पट्टी आत बुडवायचा, बोटं मोजायचा, लिहायचा. दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी प्यायलं. रात्रीची भरती मोजायचं काम पंपवाल्यावर सोपवून दोघं घरी गेले आणि सकाळी पुन्हा त्याच ओंडक्यावर आले. चौथीला चार बोटं भरली होती.

पाचव्या भरतीची वाट बघताना टोल्या अचानक म्हणाला, जवळपास ओरडूनच, "साडूभाऊ, एक विचारू?"

कोठीवाल्याने मान हलवली. त्याला वाटलं, आता हा परवाच्या 'हो'बद्दल विचारणार.

"मिस्त्रीमामा दर भरतीला हातातलं काम टाकून तुमच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे. तासन्‌तास. एवढं काय बोलायचे हो?"

कोठीवाला गोंधळला. मिस्त्री यायचे हे खरं होतं. खिडकीशी रेलून बोटं सांगायचे, शब्द सांगायचे, कधी तोच शब्द दोनदा, सावकाश. त्याला नेहमी वाटलं होतं, म्हातारा स्वतःशीच बडबडतोय आणि आपण चोरून लिहून घेतोय.

"काही नाही," तो म्हणाला. "काथ्या मागायचे. खिळे."

टोल्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. "माझ्याशी नाही कधी बोलले एवढं," तो म्हणाला. "मोगरी दिली तेव्हासुद्धा 'घे' म्हणाले. बस, 'घे'." आणि डोळे मिटून हसला. ते हसू होतं की काय होतं, हेही कोठीवाल्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

पाचव्या भरतीला एक बोट पाणी होतं. क्रेन रिकामीच परत गेली.

गलबत संग्रहालयाच्या धक्क्याला लागलं. शब्दांची यादी भिंतीवर लागली, सगळे दोनशे एकतीस. कोठीवाला बायकोला घेऊन बघायला गेला. भिंतीच्या मधोमध टोल्याचा दरवाजाएवढा फोटो होता, दातांत काडी, डोळे मिटलेले. खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, त्यातले दोनशे बारा शब्द कोठीतल्या पावत्यांवरून घेतले असं लिहिलं होतं. त्याने ती ओळ अकरा वेळा वाचली. आणि मग पुन्हा वर फोटोकडे पाहिलं, आणि तेच ते जुनं, छातीत काहीतरी चावणारं, पुन्हा चावलं. कमी नाही. बायको म्हणाली, "अक्षर तुमचंच हवं होतं भिंतीवर. छान आहे तुमचं." त्या दिवशी मात्र ते वाक्य त्याला टोचलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरातलं सिंक कडेने गळायला लागलं. प्लंबर तीनदा येऊन गेला. चौथ्यांदा बायकोने न विचारता भावोजींना निरोप धाडला. टोल्या आला, ओट्याखाली आडवा झाला, सिंकच्या कडेच्या फटीत कापसाची एक बारीक वात बोटाने, मग बोथट सुरीने, मग त्या काळ्या मोगरीच्या तीन हलक्या टोल्यांनी बसवली आणि वरून मेण चोळलं. थंड केलेला चहा प्यायला. बूट चावत होता म्हणून दारात दोनदा थांबला.

त्या फटीतून त्यानंतर थेंब आला नाही, आजतागायत. हे त्याला सांगायचं राहून गेलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचा निरोप आला, की ते झोपेतून उठलेच नाहीत.

पण त्या संध्याकाळी तो दारात उभा होता, मोगरी काखेत, आणि कोठीवाल्याच्या बायकोने आतून विचारलं, "भावोजी, थांबलं का हो पाणी?"

टोल्याने ओठ मिटले आणि हनुवटीने साडूकडे खूण केली.

"आता कसं सांगू?" कोठीवाला त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला. "उद्या बघून सांगतो."

"सांगा," टोल्या म्हणाला. "घाई नाही."